ननहेडचा आयव्ही हाउस: शेजाऱ्यांनी विकत घेतलेल्या पबचं प्रकरण

आग्नेय लंडनमधल्या ननहेड भागात स्टुअर्ट रोड नावाची राहत्या घरांची गल्ली आहे. तिथल्या 'आयव्ही हाउस' पबच्या नोकरवर्गाला एप्रिल २०१२ मध्ये मालक कंपनीकडून निरोप आला की पब बंद होणार आहे. हातात जेमतेम आठवडा होता. दाराला कुलूप लागलं ते सोळा महिन्यांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये निघालं. तोवर इमारत ३७१ भागधारकांच्या सहकारी संस्थेची झाली होती. लंडनमधला सहकारी मालकीचा हा पहिला पब.

'शेजाऱ्यांनी पब वाचवला' इथेच ही हकिकत बहुतेक वेळा संपवली जाते. तिथे फार तर पहिला अंक संपतो. लोकांना वाचवायची होती ती तिथे बसल्यावर वाटणारी ऊब, आणि कायद्याने वाचू शकत होती ती खोली. पिंपातली बिअर आणि काउंटरमागची माणसं कायद्याच्या कक्षेत नव्हती. ती रोज सांभाळावी लागतात, आणि त्यातल्या माणसांच्या बाबतीत संस्थेचा हात २०१८ मध्ये चांगलाच पोळला.

आधी एक खुलासा करायला हवा. पुण्या-मुंबईत 'पब' म्हटलं की डीजे, अंधार आणि दारावरचे बाउन्सर डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमधला पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सगळ्यांना खुलं असलेलं घर. वेटर टेबलाशी येत नाही. आपण काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचा. शेवटी बिल येत नाही, कारण थकबाकीच नसते. बऱ्याच पबमध्ये मुलं चालतात, कुत्री चालतात, आणि अर्ध्या पाइंटवर दोन तास पेपर वाचत बसलं तरी कोणी हटकत नाही. आपल्या परमिट रूमशी त्याचं नातं चुलत-चुलत आहे, एवढंच.

खोली

आताची इमारत १९३० च्या दशकातली, ट्रूमन या लंडनच्या जुन्या ब्रूअरीने बांधून घेतलेली. वास्तुकार ए. ई. स्यूएल, ब्रूअरीच्याच पदरी असलेला. स्पिटलफील्ड्समधला 'गोल्डन हार्ट'ही त्याचाच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ब्रूअऱ्यांनी 'सुधारित पब' बांधायला घेतले. परवाने देणाऱ्या न्यायाधीशांना कोंदट, उभ्याने प्यायचे गुत्ते नको होते. तेव्हा ब्रूअऱ्यांनी तोड काढली ती अशी: दोन-तीन जुने परवाने परत करायचे आणि त्यांच्या बदल्यात एक मोठा, उजेडाचा, जेवण मिळणारा, बायकामुलांनाही येता येईल असा पब उभा करायचा. त्यामुळे या काळातल्या पबमध्ये एकाच छपराखाली वेगवेगळ्या तब्येतीच्या खोल्या सापडतात. कामगारांचा पब्लिक बार, जरा नेटका सलून किंवा लाउंज, आणि मागे कार्यक्रमांचा हॉल.

आयव्ही हाउसमध्ये ही रचना जवळपास अखंड उरली होती. भिंतींना लाकडी पॅनेल, वेगवेगळे बार, मागे रंगमंच असलेला नाचाचा हॉल. सत्तरच्या दशकात पबचं नाव 'न्यूलँड्स टॅव्हर्न' होतं, आणि 'पब रॉक' नावाने ओळखल्या गेलेल्या संगीताचा तो एक अड्डा होता. इयन ड्यूरी, डॉक्टर फीलगुड अशी मंडळी या रंगमंचावर वाजवून गेली.

खोलीला ऊब कशाने येते, याची कारणं मोजपट्टीने सांगता येतात. पहिलं म्हणजे काउंटर. त्याची उंची साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर असते. उभ्या माणसाचं कोपर सहज टेकतं. एका माणसाला लागतो ६० सेंटिमीटरचा तुकडा. तेवढ्या जागेत एकटा आलेला माणूस एकटाही असतो आणि नसतोही. टेबलावर एकट्याने बसलं की समोरची रिकामी खुर्ची सारखी बोलते. काउंटरवर समोर खुर्ची नसते, काम करणारा माणूस असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात, नाही बोललं तरी वावगं वाटत नाही. परमिट रूममध्ये एकट्या गिऱ्हाइकाला कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड केलेलं टेबल मिळतं. फरक चालीरीतींचा वाटतो, पण मुळात तो फर्निचरचा आहे.

दुसरं कारण म्हणजे पाठीला भिंत. लांबलचक हॉलच्या मधोमध ठेवलेली टेबलं सगळ्यात शेवटी भरतात. भिंतीलगतची बाकं, कोनाडे आणि शेकोटीशेजारचे कोपरे आधी जातात. म्हणून एका मोठ्या खोलीपेक्षा तीन लहान खोल्या बऱ्या. मंगळवारी पंधराच माणसं आली तरी लहान खोली भरलेली दिसते. पुढच्या दशकांत असंख्य पबमध्ये आतल्या भिंती पाडून एकच मोठी खोली केली गेली. एका नजरेत सगळं दिसतं, नोकर कमी लागतात, हा त्यामागचा हिशेब. पण तीच पंधरा माणसं मग ओसाड फलाटावर गाडीची वाट पाहत बसल्यासारखी दिसतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काउंटरपुढे रांग नसते, माणसं आडवी पसरून उभी असतात, तरी आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'आधी यांना द्या' असं गिऱ्हाईकच सांगतं. काउंटरमागच्या माणसाने क्रम चुकवला की वातावरण पाचच मिनिटांत बिघडतं. 'राऊंड'ची रीतही अशीच. चौघे आले की एकेकाने आळीपाळीने चौघांचं आणायचं. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, तेव्हा चार राऊंड म्हणजे माणशी सव्वादोन लिटरच्या वर. ज्याला एवढं झेपत नाही तो आपल्यापुरता अर्धा पाइंट सांगतो आणि त्यात कमीपणा नसतो. आठजणांचा घोळका एकाच राऊंडमध्ये बांधला गेला तर मात्र रीत मोडते, कारण सगळ्यात भरभर पिणाऱ्याच्या वेगाने बाकीच्यांना पळावं लागतं. जाणते लोक अशा वेळी चार-चार असे दोन गट पाडतात.

चालता पब बंद का पडतो

पब बंद पडला की 'लोक यायचे थांबले' असं म्हणायची पद्धत आहे. काही ठिकाणी ते खरंही असतं. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त जागेत धूम्रपानाला बंदी आली, पुढच्याच वर्षी मंदी आली आणि सुपरमार्केटची स्वस्त बिअर तर आधीपासून होतीच. पण लंडनसारख्या शहरात आणखी एक कारण असतं. गल्लीतली मोठी इमारत फ्लॅट पाडून विकली तर मिळणारी रक्कम आणि तिथेच वर्षानुवर्षं बिअर विकून मिळणारी रक्कम यांची बरोबरीच होत नाही.

यामागे १९८९ चा 'बिअर ऑर्डर्स' नावाचा सरकारी आदेश आहे. मोठ्या ब्रूअऱ्यांनी दोन हजारांपेक्षा जास्त पब स्वतःच्या बिअरला बांधून ठेवू नयेत, असा त्याचा रोख होता. एकाधिकार मोडावा हा हेतू. झालं असं की ब्रूअऱ्यांनी पब विकले आणि ते घाऊक भावात घ्यायला नव्याच कंपन्या उभ्या राहिल्या. त्या बिअर बनवत नव्हत्या. त्यांचा धंदा इमारती बाळगायचा, कुळाकडून भाडं घ्यायचं आणि वर बिअरही आपल्याचकडून, आपल्याच दराने घ्यायला लावायची. या बंधनाला 'टाय' म्हणतात. कुळाने पिंप बाहेरून स्वस्तात आणलं तर करारभंग. या कंपन्यांनी इमारती तारण ठेवून मोठमोठी कर्जं उचलली होती. जमिनीचे भाव चढत होते तोवर गाडं चाललं; अडल्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे इमारत विकणं. टायमधल्या कुळांना खुल्या बाजारभावाच्या भाड्याचा पर्याय मागण्याचा हक्क २०१६ च्या 'पब्स कोड'ने दिला, तोही फक्त मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत. आयव्ही हाउसला त्याचा उपयोग नव्हता.

सोळा महिने

पहिली चाल खेळली गेली ती वारशाची. आतलं लाकूडकाम एकदा उखडलं गेलं की वाचवण्याजोगं काही उरत नाही. म्हणून आधी इमारतीला संरक्षित यादीत घालण्यासाठी धावपळ झाली, आणि २०१२ मध्येच तिला 'ग्रेड टू' दर्जा मिळाला. या दर्जाने पाडापाडीला आणि अंतर्भाग बदलायला आडकाठी येते. इमारतीत पबच चालला पाहिजे, असं मात्र तो सांगत नाही. पॅनेल जागेवर ठेवून फ्लॅट करायची वाट अवघड होते, बंद होत नाही.

दुसरी चाल २०११ च्या 'लोकॅलिझम ॲक्ट'ची. त्यातली 'समाजोपयोगी मालमत्ते'ची तरतूद सप्टेंबर २०१२ मध्ये लागू झाली, आणि ऑक्टोबरमध्ये सदर्क परगण्याच्या कौन्सिलतर्फे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेतर्फे, आयव्ही हाउस त्या यादीत गेला. देशातल्या पबमधलं ते पहिलं नाव. तरतूद चालते ती अशी. स्थानिक संस्थेने, किंवा मतदार यादीत नाव असलेल्या किमान २१ रहिवाशांच्या गटाने, अर्ज करायचा. ही जागा परिसराच्या सामाजिक जगण्याला उपयोगी पडते आणि पुढेही पडू शकते, हे दाखवून द्यायचं. कौन्सिल आठ आठवड्यांत निर्णय देते. मंजूर झालं तर नाव पाच वर्षं यादीत राहतं. मालकाला विकायचं असेल तर आधी कौन्सिलला कळवावं लागतं. त्या दिवसापासून सहा आठवडे विक्री थांबते. तेवढ्या अवधीत एखाद्या स्थानिक गटाने 'आम्हाला बोली लावायची आहे' असं लेखी दिलं तर थांबण्याची मुदत त्याच दिवसापासून धरून सहा महिने होते.

अशा प्रकरणांत गाडं अडतं ते बहुधा इथेच. सहा महिने ऐकायला बरेच वाटतात. त्यात संस्था नोंदवायची, इमारतीची तांत्रिक तपासणी करून घ्यायची, मूल्यांकन मिळवायचं, धंद्याचा आराखडा लिहायचा, कर्ज देणाऱ्याला पटवायचं आणि वकील गाठायचा. नावाचा अर्ज विक्रीची पाटी लागल्यावर केला तर निम्मी मुदत सह्या गोळा करण्यातच जाते. दुसरी ठेच लागते ती 'बोली लावण्याचा हक्क' म्हणजे 'विकत घेण्याचा हक्क' असं समजल्यावर. मुदत संपली की मालक कोणालाही, कोणत्याही किमतीला विकू शकतो. गटालाच द्या, अशी सक्ती नाही. कायदा फक्त घड्याळ थांबवतो. यादीतली नावं वाढू लागल्यावर एक जोड मिळाली. एप्रिल २०१५ पासून यादीतल्या पबचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागू लागली, आणि मे २०१७ पासून इंग्लंडमधल्या सगळ्याच पबना ते लागू झालं.

आपल्याकडचा वाचक इथे थबकेल. महाराष्ट्रात दारूच्या दुकानाबद्दल लोकांना मत द्यायची जी सोय आहे ती 'उभी बाटली, आडवी बाटली'ची: महिला मतदारांनी निम्म्याहून जास्त संख्येने आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. इंग्लंडमध्ये शेजाऱ्यांना दिलेला हक्क बंद होणारं थांबवण्याचा आहे, महाराष्ट्रात चालू असलेलं बंद करण्याचा. दोन्ही कायदे आपापल्या गल्लीतल्या अनुभवातून आले आहेत, तेव्हा कोणता शहाणा हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. दारूच्या दुकानाने घरं उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बाईला 'समाजोपयोगी मालमत्ता' हा शब्द या संदर्भात थट्टेचाच वाटेल.

पैशांची जुळणी झाली ती अशी. मार्च २०१३ मध्ये इमारतीचा सौदा ८ लाख १० हजार पौंडांना झाला. तेव्हाच्या दराने साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास. आर्किटेक्चरल हेरिटेज फंडाकडून साडेपाच लाख पौंडांचं कर्ज, आणि सोशल इन्व्हेस्टमेंट बिझनेसमार्फत साडेचार लाखांचं अनुदान. दोन्ही मिळून दहा लाख. किंमत वजा जाता उरलेले १ लाख ९० हजार कर, वकील आणि दुरुस्तीसाठी. त्यानंतर भागविक्रीतून ३७१ जणांनी १ लाख ४२ हजार ६०० पौंड घातले, म्हणजे सरासरी माणशी ३८४ पौंड. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी माणसाला हे तत्त्व नव्याने समजावायला नको, आणि त्यात पुढे काय काय होऊ शकतं हेही.

या आकड्यांतली मेख अनुदानात आहे. साडेचार लाख परत करायचे नसल्यामुळेच बाकीचं गणित बसलं. सगळे दहा लाख कर्जाऊ घेतले असते तर? हिशेबापुरता व्याजदर पाच टक्के धरू. साडेपाच लाखांवर वर्षाला २७,५०० पौंड व्याज, म्हणजे दिवसाला ७५. खर्च वजा जाता पाइंटमागे दीड पौंड उरतो असं धरलं तर नुसत्या व्याजासाठी रोज ५० पाइंट विकावे लागतात. दहा लाखांवर ती संख्या ९० च्या वर जाते. गल्लीतल्या पबची सोमवारची सगळी विक्री सावकाराच्या घरी. भागभांडवल काढता येण्याजोगं असतं, म्हणजे सभासद पैसे परत मागू शकतो. म्हणून अशा संस्था सुरुवातीची काही वर्षं ते काढायला बंदी घालतात किंवा दरवर्षी किती काढता येईल याला मर्यादा ठेवतात. तसं केलं नाही तर पहिल्याच मंदीत ज्यांना सगळ्यात जास्त काळजी वाटते तेच आधी पैसे काढायला येतात.

तळघर

ऊब वगैरे सगळं खरं, पण आंबट बिअर दोनदा मिळाली की शेजारीसुद्धा दुसऱ्या पबात जातो. इंग्लिश पबची खास चीज म्हणजे 'कास्क एल'. पिंपात भरल्यावरही तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पुरा होतो. ब्रूअरी माल तीन-चतुर्थांश तयार करून देते. उरलेलं पब चालवणाऱ्याच्या हातात.

नेहमीचं पिंप 'फर्किन': ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सियस. पिंप आलं की घोडीवर आडवं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचरी मारायच्या आणि त्यानंतर हलवायचं नाही. वरच्या भोकात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची मेख ठोकायची. तिच्यातून जास्तीचा वायू बुडबुड्यांनी निघून जातो. बुडबुडे मंदावले की ती काढून टणक लाकडाची मेख बसवायची, नाहीतर उरलेला वायूही जाऊन बिअर मिळमिळीत होते. पुढच्या तोंडाला लाकडी हातोड्याच्या एका ठाम फटक्यात तोटी बसवायची. दबकत मारलेल्या तीन फटक्यांत अर्धी बिअर अंगावर येते. माशांच्या वाताशयापासून केलेलं आयसिंगग्लास बहुतेक पिंपांत घातलेलं असतं. ते यीस्टला धरून तळाशी बसवतं. याला एक ते दोन दिवस लागतात. नितळ दिसली, चाखून बरी वाटली, की विक्रीला काढायची. विक्री चालू असताना टणक मेख सैल करायची, रात्री पुन्हा घट्ट. पिंप एक-तृतीयांश ते अर्धं रिकामं झालं की मागून अलगद उचलून तिरकं करायचं. हे शेवटी घाईने केलं तर गाळ ढवळला जातो. तळाचे दोन ते चार पाइंट गाळातच जातात, म्हणून ७२ पैकी विकायला ६८ ते ७० धरावेत.

वरून जेवढी बिअर निघते तेवढी हवा पिंपात शिरते. हवेतल्या प्राणवायूने आधी चव बसते, नंतर जिवाणू तिचा व्हिनेगर करतात. म्हणून विक्रीला काढलेलं पिंप तीन दिवसांत संपलंच पाहिजे. नव्या पब चालवणाऱ्यांचा हिशेब चुकतो तो याच ठिकाणी. एका पिंपासाठी दिवसाला २४ पाइंट खपले पाहिजेत. उत्साहाच्या भरात काउंटरवर सहा हातपंप लावले तर रोज १४४ पाइंट कास्क एल खपायला हवी. मंगळवारी खपते ४०. मग चौथ्या दिवसाची बिअर पाचव्या दिवशीही ओतली जाते, कारण एवढी फेकायला हात धजत नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, अर्धा ग्लास टेबलावर ठेवून निघून जातो. त्यामुळे खप आणखी घटतो आणि पिंप आणखी शिळं होतं. उपाय साधा आहे, फक्त मनाला लागतो. सोमवार ते बुधवार दोनच पंप चालू ठेवायचे आणि बाकीच्यांच्या दांड्यांवर झाकण घालायचं. शुक्रवारी चार. मधल्या वारी नवी चव ठेवायचीच असेल तर ३६ पाइंटांचं अर्धं पिंप मागवायचं. निवड कमी दिसते, पण जे आहे ते ताजं असतं.

पिंपापासून पंपापर्यंतच्या नळ्या आठवड्यातून एकदा अल्कलीच्या द्रावणाने धुवायच्या असतात. द्रावण नळीत सुमारे अर्धा तास ठेवायचं, मग पाणी स्वच्छ येईतो सोडायचं. धुण्याआधी नळीतली बिअर वाया जाते. ती वाचवायला कोणी आठवडा चुकवला की नळीत यीस्टचा थर धरतो, आणि मग उत्तम पिंपातली बिअरही गढूळ येते. ग्लास स्निग्ध राहिला तर फेस क्षणात विरतो. दोष बिअरला दिला जातो, असतो भांडी घासण्यात. तळघरात बटाटे, कांदे ठेवू नयेत. बुरशी तिथूनच येते. आणि वायूची नळकांडी असलेल्या तळघरात कार्बन डायऑक्साइडचा इशारा देणारं यंत्र नसेल तर खाली उतरूच नये. तो वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो.

काउंटरमागचे हात

पब शेजाऱ्यांचा झाला म्हणजे सगळे एका बाजूचे झाले, असं सभासदांना वाटणं साहजिक होतं. २०१८ च्या शरद ऋतूत ते चुकीचं ठरलं. इथले कर्मचारी 'झिरो अवर्स' करारावर होते. या करारात किमान तासांची हमी नसते. आठवड्याची पाळी मालक ठरवेल तशी, आणि पाऊस पडला म्हणून पाळी रद्द झाली तर त्या संध्याकाळची मजुरीही नाही. चार कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्यावर बाकीचे बाहेर पडले. बेकरी व खाद्यपदार्थ कामगारांची युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली, दारात निदर्शनं झाली. देशभर ज्याचं कौतुक झालं होतं त्या सहकारी पबच्या दाराशी. थोड्याच दिवसांत तडजोड झाली: चौघे परत कामावर, झिरो अवर्स करार बंद, युनियनला मान्यता.

हा प्रश्न नुसत्या मजुरीचा म्हणून बाजूला काढता येत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक दारातून आत आल्यावर काउंटरमागचा हात न विचारता नेमक्या पंपाकडे जातो. या एका हालचालीसाठी तो माणूस निदान वर्षभर त्याच जागी असावा लागतो. पुढच्या आठवड्याचं भाडं निघेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही तो वर्षभर टिकत नाही. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला आधी कोण आलं हे कळत नाही, पिंप कधी तिरकं करायचं हे माहीत नसतं आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला अर्धा पाइंट नेहमीच्या लहान ग्लासात हवा असतो, हे कोणी सांगत नाही. जिला गल्ली 'आपला पब' म्हणते त्या जागेचा बराचसा भाग या तपशिलांचा आहे, आणि ते तपशील कोणत्याही दस्तात लिहिलेले नसतात.

सहकारी मालकीने हे आपोआप सुटत नाही, उलट एक नवी गाठ बसते. खाजगी पबमध्ये मालक एक असतो आणि तो समोर दिसतो. इथे काउंटरच्या पलीकडे उभा असलेला प्रत्येक तिसरा माणूस स्वतःला मालक समजू शकतो. कोणी संगीताचा आवाज कमी करायला सांगतो, कोणी वाढवायला. नोकर नक्की कोणाचं ऐकणार? त्यासाठी दोन गोष्टी लेखी असाव्या लागतात. एक, रोजच्या कामात हुकूम फक्त व्यवस्थापकाचा. सभासदाची सूचना समितीच्या बैठकीत, काउंटरवर नाही. दोन, नोकराची तक्रार व्यवस्थापकाला वगळून थेट समितीपर्यंत नेण्याची वाट. इंग्लंडच्या २००३ च्या परवाना कायद्यानुसार दारूविक्रीच्या जागेला एक नेमलेला जबाबदार माणूस लागतो आणि त्याच्याकडे वैयक्तिक परवाना असावा लागतो. अठराखालच्या कोणाला बिअर दिली गेली तर पोलीस आणि कौन्सिल समितीच्या ठरावाचं पुस्तक मागायला येत नाहीत. जागेचा परवानाच पणाला लागतो.

पाळ्यांचं वेळापत्रक करताना शुक्रवार-शनिवारची काळजी नसते, ते दिवस स्वतःला ओढून नेतात. कसोटी सोमवार-मंगळवारची. रिकाम्या पबात दोन माणसं उभी ठेवणं खर्चिक, आणि एकच ठेवलं तर तळघरात पिंप बदलायला गेल्यावर काउंटर उघडं पडतं. रात्री बंद करताना, गल्ला मोजताना एकटं कोणी असूच नये. आयव्ही हाउसच्या बाजूने इथे त्याची मागची खोली उभी राहते. रंगमंचाचा हॉल असल्यामुळे सुस्त वारी दुसऱ्या कारणाने माणसं आणता येतात: गाण्याची बैठक, प्रश्नमंजूषा, दुपारी लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आया. प्रश्नमंजूषेला आलेले पाचजणांचे आठ गट म्हणजे ४० माणसं. प्रत्येकाने दोनच पाइंट घेतले आणि त्यातले निम्मे कास्क एलचे असले, तरी त्या एका संध्याकाळी अर्ध्याहून जास्त फर्किन संपतं, आणि रविवारी उघडलेलं पिंप बुधवारी मोरीत ओतावं लागत नाही.